डब्यात आधी काय होतं

मालेगाव, जि. वाशिम
६ ऑक्टोबर २०२४

इहीनबाई लिलाबाई यांना जानरावचा सप्रेम जयभीम.

मेथीची एक जुडी मला बासष्ट रुपयांना पडली. बाजारात दहाला मिळते. डबे फुकट, कारण भंगाराचं दुकान माझंच. मातीही फुकट, पण ती रिठद गावच्या शेतातून आणायला गाडीभाडं दीडशे. शेणखत ऐंशी, बी वीस, आणि जुन्या कुकरच्या बुडाला भोक पाडताना ड्रिलची पाती मोडली, ती साठ. एकूण तीनशे दहा. जुड्या निघाल्या पाच. त्यातली एक या पत्रासोबत पाठवली आहे.

तुम्ही म्हणाल, हा माणूस भाजीचा हिशोब मला कशाला सांगून राह्यला. फोनच करणार होतो. पण कानाच्या त्रासामुळे तुम्ही फोन स्पीकरवर लावता, आणि मागच्या वेळी मी इकडून "पोरीले कधी धाडता?" असं विचारलं, तर तिकडून उत्तर तुमच्या शेजारणीनं दिलं. म्हणून पत्र. धनसिंग माझं भंगार घेऊन दर आठवड्याला कारंज्याच्या पुढे जातो, तो तुमच्या दारात देईल.

विषय पिंकीचा. माझी लेक, तुमची सून. पुढच्या महिन्यात तिला सातवा लागतो. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. तिची आई गेली त्याला पाच वर्षं झाली, पण बाप आहे तोवर माहेर आहे. बाळंतिणीला मेथी-शेपू लागतो, तो मी गच्चीवर लावला आहे. वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये मेथी. त्याला भोकं कंपनीनंच पाडून दिलेली, पाणी साचत नाही. फ्रिजच्या खालच्या खणात पालक. ज्यात लोक भाजी ठेवायचे त्यात आता भाजी उगवते. हेल्मेटात कोथिंबीर आहे, पण ते वाऱ्यानं डोलतं. आणि कठड्यावर निळ्या कॅना उभ्या कापून तारेनं टांगल्या, त्यात शेपू टाकला. त्या सगळ्यांत देखण्या. रस्त्यानं जाणारे मान वर करून पाहतात.

पाणी किती द्यायचं ते मी कानानं ठरवतो. टिचकी मारली की कोरडा डबा खणकतो, ओला गप्प राहतो. सायकलवर टिनं गोळा करत फिरायचो तेव्हापासून या कानांवरच पोट भरलं. जंग बाहेरून लागला की आतून, ते आवाजानं सांगायचो. तेव्हा पोरीची काळजी नको. तिनं खालच्या खोलीत कूस बदलली तरी मला गच्चीवर ऐकू येईल.

दिवाळी झाली की तिला धाडाल का?

तुमचा,
जानराव


कामरगाव
१४ ऑक्टोबर २०२४

इवाईबुवांना जयभीम.

पत्र आन् जुडी दोन्ही मिळाली. मेथी आधी शिजवली, पत्र मंग वाचलं. बासष्ट रुपयाची आहे हे आधी समजलं असतं तर फोडणीत जपून टाकली असती.

शेजारची सुकेशनी तुमच्यावर रुसली. म्हणते, "त्याईच्या मनानं मी परकी हाओ का?" तिला मी समजावलं. तुमी एकदा फोनवर तिचं काही तरी चांगलं बोला, ती ऐकतच असते.

आता खरं बोलते. माझा पोरगा संघदीप चाकणले कंपनीत, महिन्याचे दोन दिवस घरी. बाकी दिवस मी आन् पिंकी. पहिले तीन महिने तिच्या पोटात पाणी ठरत नव्हतं, तवा मी शाळेतली खिचडी उतरवली की तशीच घराकडे पळायची. तुमी सकाळी दुकानात जाल ते जेवायले याल. मधात तिनं कोणाकडे पाहावं? हेल्मेटाकडे? बाळंतिणीले भाजी लागते तसं माणूसही लागते. शेक-शेगडी कोण करन? लेकराले कोण न्हाऊ घालन? लेकरू भुकेलं का ओलं, हे टिचकी मारून समजत नाही.

तुमी बाप आहा, तुमचा हक मी नाकारत नाही. पण मले अजून धीर होत नाही.

आन् एक विचारते. ड्रम समजला, फ्रिज समजला. त्या निळ्या कॅना कशाच्या? त्याच्यात आधी काय होतं?

लिलाबाई


मालेगाव
२२ ऑक्टोबर २०२४

इहीनबाईंना जयभीम.

प्रश्न वाचून थोडं लागलं, खोटं कशाला बोलू. भंगारवाल्याचे डबे म्हणून विचारलंत का? लग्नाच्या बोलणीत माझ्या धंद्यावर तुम्ही एक शब्द काढला नव्हता, म्हणून तुमचा मान मनात आहे.

इहीनबाई, भंगारवाला डब्याचं वजन पाहतो, धातू पाहतो, प्लास्टिक जाड की पातळ ते पाहतो. आत काय होतं हे विचारत बसलो असतो तर आज सायकलवरच असतो. कॅना खेड्यापाड्यातून येतात, मजबूत असतात, आणि मी त्या धुण्याच्या सोड्यानं दोनदा धुतल्या आहेत. आता आतून चकाकतात.

माणसाचीही सोय केली आहे. आमच्या गल्लीत रुपाबाई राहते. निम्म्या मोहल्ल्यातली लेकरं तिनंच न्हाऊ घातली. तिला विचारलं तर म्हणाली, "आणा पोरीले. पर भाऊ, तुमी मधात मधात लुडबुड करसान त मी यायची नाई." मी कबूल केलं. दुपारी दुकान बंद ठेवून घरी थांबेन, हेही कबूल. गिऱ्हाईक कुठे जातं? भंगार काही नासत नाही.

शेपू उगवला. पानं जराशी मुरडली आहेत, ऑक्टोबरचं ऊन कडक आहे. वर जुन्या साडीची सावली बांधतो म्हणजे सरळ होतील.

उत्तराची वाट पाहतो.

जानराव


कामरगाव
२७ ऑक्टोबर २०२४

इवाईबुवा, जयभीम.

तुमच्या धंद्यावर मी काय बोटं दाखवू, मी स्वतः दुसऱ्यांच्या लेकरांची भांडी घासते. ते मनातून काढा.

पण पानं मुरडली हे वाचलं आन् माझी खिचडी बुडाला लागली. एवढंच सांगा, मेथीची मुरडली का? पालकाची? का फक्त कॅनातल्या शेपूची?

ऊन सगळ्या गच्चीवर सारखंच पडत असन.

आमच्या इकडे एकानं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तणनाशक मारलं आन् वाऱ्यानं ते बाजूच्या कपाशीवर गेलं, का पानं अशीच मुरडतात. फवारणी झाली की त्याच्या रिकाम्या कॅना धुऱ्यावर पडून राहतात. गोळा करणारे येतात आन् उचलून नेतात. कोणाकडे नेतात ते तुमालेच माहीत. सोड्यानं ते जात नाही. प्लास्टिक पिऊन घेते.

तुमचे कान तिखट आहेत, मान्य. पण याले नाक लागते. एक कॅन रिकामी करा, उन्हात ठेवा, मंग हुंगा.

ते समजल्याशिवाय मी पोरगी धाडत नाही. राग आला तर येऊ द्या.

लिलाबाई


मालेगाव
२५ नोव्हेंबर २०२४

इहीनबाईंना जयभीम.

उत्तराला उशीर झाला. दिवाळीत लोक घरं साफ करतात, दुकानात माल फार येतो.

शेपूला मावा पडला, म्हणून काढून टाकला. कॅनाही काढल्या, कठड्यावर वजन होत होतं. गच्चीवर आता ड्रम आणि फ्रिजचा खण तेवढा आहे. हेल्मेट वाऱ्यानं पडलं.

पिंकीशी फोनवर बोललो. "येतं का माय?" म्हटलं, तर म्हणाली, "आई म्हणतील तसं, बाबा." आई म्हणजे तुम्ही. तिची इच्छा इकडे यायची दिसत नाही. तुमच्याजवळ ती सुखात आहे, हे बापाला कमी नाही. मी आता आग्रह करत नाही. तुम्हाला योग्य वाटेल ते करा.

रुपाबाईला अजून काही सांगितलं नाही. ती रोज विचारते.

जानराव


कामरगाव
२ डिसेंबर २०२४

इवाईबुवा, जयभीम.

मावा पडला म्हणता. मावा पडल्यावर कठड्यावर वजन होते, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

धनसिंगले मी चहा पाजला. दुसऱ्या कपाले तो बोलला. "मावशी, शेठनं एक एक कॅन हुंगली. मंग मातीसकट सगळा शेपू खड्ड्यात बुजवला. दुकानातल्या कॅना बी सगळ्या कापून काढल्या. एक बाई पाणी भराले कॅन मांगाले आली त तिले देली नाई, तिच्यावरच खेकसले. दोन दिवस धड जेवले नाई."

हे तुमी मले लिहिलं नाही. लिहिलं असतं तर मी नोव्हेंबरातच पोरगी धाडली असती. चूक झाल्यावर जो माणूस गच्ची रिकामी करतो, त्याच्या घरी माझी सून बिनधोक राहीन.

आन् पिंकीची इच्छा नाही, हे तुमच्या तिखट कानांनी कुठून ऐकलं? पोरीनं दोन महिन्यांपासून थैली भरून ठेवली आहे. माझ्या तोंडाकडे पाहून गप्प राहते, एवढंच.

धनसिंगच्या गाडीत शाळेचे तेलाचे रिकामे पिपे देत आहे. विचारून घेतले. त्याच्यात तेलाशिवाय काही नव्हतं, मी स्वतः ओतलं आहे. राखेनं घासा. वरची पत्र्याची धार आत ठोकून घ्या, पोरीचा हात कापला तर तुमाले पाहून घेईन. भोकं बुडाला पाडू नका, बाजूनं, बुडापासून दोन बोटं वर पाडा, म्हणजे खाली ओल राहते आन् पाणी फार झालं का निघून जाते. खाली छपराच्या फुटक्या कवेलूचे तुकडे, वर माती. पिपे विटांवर ठेवा, नाही तर स्लॅब गळन. बी पुडीत बांधलं आहे. ते माझ्या परसातलं आहे, त्याचा हिशोब लावू नका.

पुढच्या रविवारी पिंकीले घेऊन येते. पिपे पाहते आन् त्याच गाडीनं परत. इहिणीनं इवायाच्या घरी मुक्काम केलेला बरा दिसत नाही.

लिलाबाई


मालेगाव
१२ जानेवारी २०२५

इहीनबाईंना जयभीम.

तुम्ही येऊन गेलात त्याला महिना होऊन गेला, पण गल्लीत अजून तीच चर्चा आहे. पाहुणी आली, पाणीही न पिता गच्चीवर चढली आणि ओळीनं सगळे डबे हुंगत सुटली. रुपाबाई म्हणते, "भाऊ, इहीन पक्की हाये तुमची. हिच्यापुढं तुमचं काई चालायचं नाई."

पिंकी मजेत आहे. तुमच्या पिप्यांतला शेपू वीतभर झाला, पानं सरळ आहेत. तांदूळ धुतलेलं पाणी, डाळ धुतलेलं पाणी, सगळं गच्चीवर चढतं. चहाचा चोथा धुऊन वाळवून मातीत घालतो. मेथीची जुडी आता मला नऊ रुपयांना पडते, बाजारापेक्षा एक रुपयानं स्वस्त. गल्लीतल्या बाया डबे घेऊन येतात: "भाऊ, याच्यात काई लावून द्या ना." मी आधी विचारतो, डब्यात काय होतं? एकीनं रंगाचा डबा आणला होता, तिला परत धाडलं. ती म्हणाली, "लई शाणे झाले तुमी." मी म्हटलं, शहाणपण कामरगावहून आलं, धनसिंगच्या गाडीत.

आता मुद्द्याचं. पिंकी रोज एकदा तरी म्हणते, "आई एकट्या काय करत असतील?" परवा तुम्हाला फोन लावला तेव्हा सुकेशनीबाईच जास्त बोलल्या. त्यांनी सांगितलं की तुम्ही संध्याकाळी चूल पेटवत नाही, सकाळचंच खाता. तुम्ही मागून म्हणत होता, "नाही नाही, भूकच नसते." पिंकीला सातव्यात धाडायला तुम्हाला एवढा विचार का पडला, हे माझ्या डोक्यात त्या दिवशी शिरलं. मला वाटत होतं, प्रश्न माझ्या घराचा आहे.

इवायाच्या घरी मुक्काम बरा दिसत नाही, मान्य. पण रुपाबाईची पुढची खोली रिकामी आहे. झोपायला तिकडे, दिवसभर इकडे. नातवंडाच्या वेळी आजीनं हजर राहू नये, अशी रीत मी तरी ऐकली नाही. या.

जानराव


कामरगाव
१९ जानेवारी २०२५

इवाईबुवा, जयभीम.

सुकेशनी माझ्या जागी शाळेत खिचडी शिजवायले तयार झाली, शाळेनंही हो म्हटलं. सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन झालं, लेकरांची पंगत उठली, का निघते.

रुपाबाईले सांगून ठेवा, मी घोरते. मले ऐकू येत नाही, तिले येईन.

मी येईपर्यंत शेपू कापू नका. तुमी मुळासकट उपटता, पिंकीनं सांगितलं.

लिलाबाई


मालेगाव
१६ मार्च २०२५

इहीनबाईंना जयभीम.

तुम्ही गेल्यापासून घर मोठं वाटायला लागलं. नात सव्वा महिन्याची झाली. दिवसा झोपते आणि आम्ही झोपलो की जागी होते. रुपाबाई म्हणते हात-पाय तुमच्यावर गेले. आवाज कोणावर गेला ते सांगत नाही, पण सगळ्या गल्लीला ऐकू जातो. संघदीप चार दिवस राहून गेला. जाताना गच्चीवर उभा राहून फोटो काढत होता. म्हणाला, "मामा, चाकणच्या खोलीच्या गॅलरीत असं काई जमन का?" मी त्याला दोन पिपे देऊ केले. बसमध्ये कंडक्टर घेणार नाही म्हणून त्यानं नेले नाहीत.

शेपू तुम्ही शिकवला तसा वरून कापतो. तिसऱ्यांदा फुटला. पिंकी नाक मुरडते, पण खाते. परवा म्हणाली, "बाबा, आईच्या हातचा शेपू वेगळा लागते." मी म्हटलं, पिपे तेच, बी तेच, माती तीच. ती म्हणाली, "तरी बी."

तुम्ही जाताना एक पिपा मातीसकट घेऊन गेलात. धनसिंग सांगत होता, कामरगाव येईपर्यंत मांडीवर धरून बसल्या होत्या. मागे गाडी रिकामी होती म्हणे.

दुकानात आता रोज एकच गोष्ट चालते. ज्याला त्याला मी सांगतो: पोरीला कळा सुरू झाल्या, मी वरून ऐकलं, तसा खाली आलो, धनसिंगची गाडी दारात लावली आणि अर्ध्या घंट्याच्या आत दवाखाना. लोक मान हलवतात. परवा एक जण म्हणाला, "जानरावभाऊ, तुमचे कान म्हंजे कान हायेत." मी म्हटलं, सारी कमाई त्यांचीच आहे.

पिंकी जयंतीनंतर तिकडे यायचं म्हणते. तुमचं काय म्हणणं?

जानराव


कामरगाव
२३ मार्च २०२५

इवाईबुवांना जयभीम.

पिपा पोचला, जिवंत आहे. परसात एवढी जागा असून मी तो ओट्यावर ठेवला, बसल्या जागी दिसतो. सुकेशनी जाता-येता त्याले टिचकी मारते. तुमचं पाहून शिकली नाही, मी सांगितलं. आता संध्याकाळी ती आन् मी मिळून भाजी-भाकर करतो, तवा तुमी फोनवर चूल पेटली का ते विचारत जाऊ नका.

खिचडीचं काम तिनं बरं केलं. लेकरं म्हणतात, मीठ जास्त होतं. मी तिले सांगितलं नाही.

पिंकी जयंतीनंतर नाही, जयंतीच्या आधी पाहिजे. चौदा एप्रिलले नात माझ्या कडेवर असली पाहिजे, मी सगळ्या वस्तीले सांगून बसली आहे. तिले तुमी स्वतः आणून सोडा. दुकान दोन दिवस बंद ठेवा आन् मुक्कामानं या. सुकेशनीचा नवरा घरी आहे, त्याच्या ओसरीत तुमची खाट टाकून ठेवली आहे. येताना रिकामे पिपे आणू नका, इथं पुष्कळ आहेत. रुपाबाईले सोबत आणा. तिच्या खोलीत मी सव्वा महिना घोरली, तिनं एका शब्दानं म्हटलं नाही.

दुकानात जे सांगता ते सांगत राहा, मी काही धनसिंगले खरं सांगत नाही. पण तुमाले माहीत असावं म्हणून लिहिते. त्या दुपारी पिंकीनं खालून तुमाले दोन हाका मारल्या होत्या, चांगल्या मोठ्यानं. रुपाबाईनं त्या तिच्या घरात ऐकल्या. मले तर ऐकूच येत नाही, मी पोरीचं तोंड पाहून उठली. मंग जिना चढून तुमाले बोलवायले आली, तवा तुमी शेपूच्या पिप्याले कान लावून बसले होते.

लिलाबाई